पृथ्वीच्या पोटात कोण जाऊन आलंय?

हा सवाल हल्ली मोठ्या ऐटीत टाकला जातो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत त्याची मांडणी ठरलेली असते. माणसानं आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक 12 किलोमीटरचं; पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर 6371 किलोमीटर. म्हणजे हजारातले दोन भागही उकरून झालेले नाहीत, आणि शाळेच्या पुस्तकात मात्र भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा असे चार रंग भरून प्रत्येकाची जाडी किलोमीटरात छापून मोकळे! पाहिलं कुणी? मोजलं कुणी? सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार, असं ठणकावून चित्रफीत संपते आणि ऐकणाऱ्याला आपण फसवले गेलो होतो असं वाटू लागतं.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण त्यातले आकडे खरे आहेत. रशियात, नॉर्वेच्या सीमेजवळच्या कोला द्वीपकल्पावर, 1970 च्या मे महिन्यात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी खोदकाम सुरू केलं. 1989 मध्ये ते 12,262 मीटरवर पोचलं आणि त्यापुढे काही सरकेना. भोकाची रुंदी जेमतेम 23 सेंटिमीटर. तळाशी 100 अंशांच्या आसपास तापमान मिळेल असा हिशेब होता, प्रत्यक्षात निघालं 180 अंश सेल्सियस. एवढ्या खोलीवर, एवढ्या उष्णतेत खडक नेहमीसारखा वागत नाही, भोक टिकून राहत नाही. काम थांबलं. आज तिथे एक गंजलेलं लोखंडी झाकण आहे, घट्ट बंद केलेलं. त्या भोकातून नरकातल्या किंकाळ्या ऐकू आल्याची लोणकढी थापही जगभर फिरून आली, पण ती सोडून देऊ.

आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात खरं हुकमाचं पान वेगळंच आहे, आणि गंमत म्हणजे ते टाकायचं कुणाला सुचत नाही. कोलाच्या भोकानं तज्ज्ञांची एक चूक खरोखरच पकडली होती. भूकंपलहरींचा वेग सुमारे 7 किलोमीटर खोलीवर बदलतो, असं आधीच्या मोजणीतून दिसलं होतं. त्यावरून असा समज होता की तिथे ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल. बेसाल्ट लागला नाही. लागला तो दाबानं आणि उष्णतेनं रूप पालटलेला, भेगाळलेला, भेगांत पाणी साचलेला ग्रॅनाइटच्याच जातकुळीचा खडक. भोक पाडलं नसतं तर हा गैरसमज आणखी किती वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला असता कोण जाणे.

ही चूक झाकून ठेवण्यात काही शहाणपण नाही. उलट ती नीट पाहिली तर या वादातला कळीचा मुद्दा हाती लागतो. लहरींनी सांगितलेला बदल त्या खोलीवर होताच. चुकलं ते त्या बदलाला दिलेलं कारण. पृथ्वीच्या आत कुठे बदल होतो, हे मोजमाप आहे. तो बदल कशामुळे, तिथला माल कसला, हा निष्कर्ष आहे, आणि त्याची खात्री वेगळ्या पायरीवरची आहे. थरांच्या सीमा जवळजवळ वादातीत आहेत. थरांच्या घटकांबद्दल वाद आहेत आणि ते राहणार आहेत. चित्रफितवाले या दोन्हींची खिचडी करतात. पाठ्यपुस्तकंही तेच करतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

भोक पाडल्याखेरीज आतलं काही कळत नाही, हे म्हणणं तर 1798 सालीच मोडीत निघालं होतं. हेन्री कॅव्हेंडिश हे लंडनचे अबोल, विक्षिप्त आणि गडगंज श्रीमंत गृहस्थ. त्यांनी सहा फूट लांबीचा लाकडी दांडा मधोमध तारेनं टांगला. दांड्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे, आणि त्यांच्याजवळ आणता येतील असे प्रत्येकी सुमारे 158 किलो वजनाचे दोन मोठे गोळे. मोठ्या गोळ्यांच्या ओढीनं दांडा किती वळतो ते पाहायचं. वळण इतकं नाजूक की माणूस खोलीत शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेनं हवा हलून मोजणी बिघडायची. म्हणून कॅव्हेंडिश बंद खोलीच्या बाहेर उभं राहून भिंतीतल्या छिद्रातून दुर्बिणीनं वाचन घेत. या खटाटोपातून पृथ्वीची सरासरी घनता निघाली: पाण्याच्या 5.48 पट. (सरासरी काढताना त्यांची बेरजेत चूक झाली होती, नीट केलं तर 5.45 येतं. आजचा आकडा 5.51 आहे, म्हणजे चुकून ते सत्याच्या अधिक जवळ गेले.)

आता पायाखालचा कोणताही दगड घ्यावा. ग्रॅनाइट असेल तर पाण्याच्या 2.7 पट, सह्याद्रीचा काळा कातळ असेल तर तीनच्या आसपास. वरचा माल तीन पटींच्या आत आणि एकूण सरासरी साडेपाच, याचा अर्थ आत कुठेतरी कितीतरी जड द्रव्य असलंच पाहिजे. दाबानं खडक आकसतो हे धरूनही हिशेब पुरा होत नाही. शिवाय हे जड द्रव्य मध्याकडे गोळा झालं आहे, हेही वेगळ्या वाटेनं कळतं. पृथ्वीचा आस जसा डुलतो त्यावरून तिच्यातलं वस्तुमान कसं वाटलेलं आहे ते काढता येतं. सगळीकडे सारखी घनता असती तर त्या गणितात 0.4 हा आकडा आला असता, येतो 0.33. एमिल वीखर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं 1890 च्या दशकातच, खडकाच्या आवरणाखाली लोखंडाचा गाभा असावा, असा हिशेब मांडला होता. तोवर एकाही भूकंपाची साक्ष काढलेली नव्हती.

ती साक्ष पहिल्यांदा नीट वाचली गेली ती आपल्याकडच्या भूकंपाची. 12 जून 1897 च्या संध्याकाळी शिलाँगचं पठार हादरलं. आसामात दगडी बांधकामं भुईसपाट झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल 1899 मध्ये प्रसिद्ध केला. धक्का उमटला होता हजारो किलोमीटर दूर, युरोपातल्या मोजक्या यंत्रांवर. त्या थरथरत्या रेघांत ओल्डहॅम यांना तीन वेगवेगळ्या लहरी ओळखता आल्या. सगळ्यात आधी पोचणारी प्राथमिक लहर, जी माल दाबत-सैलावत पुढे जाते. तिच्या मागून दुय्यम लहर, जी मालाला आडवे हिसके देते. आणि शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणारी. दुय्यम लहर द्रवातून जाऊ शकत नाही, कारण द्रव आडव्या हिसक्याला विरोधच करत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

जितकं स्थानक दूर, तितका लहरींचा मार्ग खोलातून. 1906 मध्ये ओल्डहॅम यांनी दाखवलं की एका मर्यादेपलीकडच्या स्थानकांवर लहरी अपेक्षेपेक्षा फार उशिरा येतात. म्हणजे मधे कुठेतरी त्यांना मंदावणारा गाभा आहे. त्याचा आकार त्यांना बरोबर साधला नव्हता. मधल्या काळात, 1909 च्या ऑक्टोबरमध्ये, झाग्रेबजवळ भूकंप झाला आणि आंद्रिया मोहोरोविचिच यांना जवळच्या स्थानकांवर एकाच धक्क्याच्या दोन जोड्या लहरी पोचलेल्या दिसल्या. एक जोडी कवचातून आलेली, दुसरी खालच्या वेगवान खडकातून वळसा घेऊन. भूकवच संपतं ती सीमा अशी सापडली. मग 1913 मध्ये बेनो गुटेनबर्ग या चोवीस वर्षांच्या तरुणानं गाभ्याची खोली काढली: 2900 किलोमीटर. तेव्हा यंत्रं कमी, घड्याळं आजच्या मानानं ढोबळ, गणित सगळं हातानं. शंभर वर्षं उलटून गेल्यावर, हजारो स्थानकं आणि महासंगणक दिमतीला असताना, तो आकडा 2891 झाला आहे. अंदाजपंचे कारभारात असा आकडा शंभर वर्षं टिकत नाही.

इंगे लेहमान यांची गोष्ट अधिक बारकाईनं पाहण्यासारखी आहे, कारण ती आकडेमोडीपेक्षा चिकाटीची आहे. भूकंपाच्या जागेपासून सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरपर्यंत लहरी सुरळीत पोचतात. त्यापुढे एक पट्टा असा येतो जिथे प्राथमिक लहर उमटायला नको, कारण गाभा तिला वाकवून दुसरीकडे नेतो. हा छायेचा पट्टा. 17 जून 1929 ला न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा रशियातल्या स्वेर्दलोव्स्क आणि इर्कुत्स्क इथल्या यंत्रांवर नेमक्या याच पट्ट्यात क्षीण लहरी उमटल्या. इतरांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला होता. डेन्मार्कच्या लेहमान यांनी केला नाही. त्यांच्या नातलगानं सांगितलेली आठवण अशी की बागेत टेबल मांडून त्या बसायच्या, आणि ओट्सची पुठ्ठ्याची रिकामी खोकी त्यांनी नोंदींची कार्डं ठेवायला घेतली होती. एकेका भूकंपाची वेळ, स्थानक, लहर पोचल्याचा क्षण, सगळं कार्डांवर. 1936 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्याच्यावरून लहरी उसळून त्या पट्ट्यात येतात. आज त्याची त्रिज्या सुमारे 1220 किलोमीटर धरतात.

इथे चित्रफितवाला म्हणेल, भूकंपाची जागा आणि वेळ तरी कुठे नक्की माहीत असते? तीही मागाहून काढलेलीच! शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर शीतयुद्धानं दिलं. जमिनीखालचा अणुस्फोट कुठे आणि किती वाजून किती सेकंदांनी झाला, हे स्फोट करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 1960 च्या दशकात असे स्फोट पकडण्यासाठी जगभर एकसारख्या यंत्रांचं जाळं बसवलं गेलं. भारतात पुणे, शिलाँग, दिल्ली आणि कोडाईकनाल ही स्थानकं त्यात होती. जागा आणि वेळ माहीत असलेल्या स्फोटांच्या लहरींनीही त्याच खोलीवर त्याच सीमा दाखवल्या. त्याआधी, 22 मे 1960 च्या चिलीतल्या 9.5 तीव्रतेच्या भूकंपानंतर सगळी पृथ्वीच कितीतरी दिवस हेलकावत राहिली होती. त्यातला सगळ्यात संथ हेलकावा 54 मिनिटांचा. ही मोजणी एखाद्या लहरीच्या वाटेवर अवलंबून नसते, ती अख्ख्या गोळ्याची असते. आणि अशाच हेलकाव्यांवरून 1971 मध्ये अंतर्गाभा घन असल्याचं दाखवून देण्यात आलं. थर काल्पनिक म्हणणाऱ्यानं यापैकी एकेक आकडा दुसऱ्या कुठल्या रचनेतून काढून दाखवावा. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काहीच मानायचं नाही म्हटलं तर आपल्या न्यायशास्त्रानं प्रमाण मानलेलं अनुमानही गेलं. चार्वाकांचा तो पवित्रा निदान सुसंगत होता, मोबाइलवरच्या चार्वाकांचा तेवढाही नसतो.

कारण हाच माणूस पुढच्या वाक्यात छातीठोकपणे सांगतो की खाली लाव्हाचा समुद्र उकळतो आहे!

हा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हाही, आणि मराठवाड्यात जमिनीतून गूढ आवाज आले की आजही, ज्वालामुखी फुटणार का, असं कुणीतरी विचारतंच. आपण तर ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोंढे थरावर थर साचले, आजही तो कातळ सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तेव्हा कातळाखाली कुठेतरी ती कढई अजून उकळत असणार, असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण ते चूक आहे, आणि हे कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीच्या लोकांना विचारलं तर ते दगड काढून दाखवतील. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या कोयना भूकंपानंतर तिथे धक्के थांबलेलेच नाहीत, म्हणून भूकंपाच्या उगमाजवळ यंत्रं उतरवण्यासाठी गोठणे इथे 3 किलोमीटर खोल भोक पाडण्यात आलं. बेसाल्ट 1247 मीटरवर संपला. त्याखाली लाव्हा नव्हता, होता तो अब्जावधी वर्षं जुना, केव्हाच घट्ट झालेला ग्रॅनाइटी खडक, तळापर्यंत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत भोक पाडलं तेव्हाही तेच: सुमारे 338 मीटर बेसाल्ट, मग गाळाच्या खडकाचा पातळ थर, मग जुना पाया.

तीन किलोमीटरांनी काय सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. तर मग आणखी खाली जाऊ. भूकवच जमिनीखाली साधारण 35 ते 40 किलोमीटर, त्याखाली 2891 किलोमीटरपर्यंत प्रावरण. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा 84 टक्के भाग हाच. आणि यातून दुय्यम लहरी वरपासून खालपर्यंत बिनदिक्कत जातात. द्रवातून त्या जात नाहीत. म्हणजे प्रावरण घन आहे. खरं तर लहरींचीही वाट पाहायची गरज नव्हती. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1863 मध्येच युक्तिवाद केला होता की पातळ कवचाखाली सगळा रस असता तर चंद्र-सूर्याच्या ओढीनं जमीनही समुद्राइतकीच वरखाली झाली असती, आणि किनाऱ्यावर उभं राहिलेल्याला भरती-ओहोटी जवळपास जाणवलीच नसती. जमीन फुगते, पण फार तर फूटभर. ससून डॉकवर भरतीचं पाणी चढताना दिसतं यातच लाव्हाच्या समुद्राचं खंडन आहे. दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रानं टाकून दिलेली कल्पना चित्रफितवाला शास्त्राच्या माथी मारतो, मग कोलाच्या भोकात लाव्हा सापडला नाही म्हणून शास्त्राला हरवल्याचा आनंद साजरा करतो.

मग आपला बेसाल्ट आला कुठून? घन खडकातूनच. प्रावरणाचा वरचा भाग पेरिडोटाइट नावाच्या खडकाचा. शंभरेक किलोमीटर खोलीवर त्याचं तापमान 1300 अंशांच्या आसपास असतं, तरी वरच्या दाबामुळे तो वितळत नाही. असा तापलेला खडक हळूहळू वर सरकू लागला की दाब उतरतो आणि त्यातला थोडासा भाग पातळ होतो. तेवढाच निथळून वर येतो. याची खूण दगडातच आहे: प्रावरणाच्या खडकात मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे 38 टक्के, सह्याद्रीच्या नेहमीच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा एक आकडी. सगळा खडक वितळून वर आला असता तर दोन्ही आकडे जुळले असते. प्रावरण घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर वाहतं, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यावर स्कँडिनेव्हियाचा काही भाग अजून वर्षाला सेंटिमीटरभर उचलला जातोय, तो याच संथ वाहण्यामुळे.

खराखुरा द्रव थर आहे तो 2891 किलोमीटरांच्या खाली. बाह्यगाभा. दुय्यम लहरी तिथे दगा देतात. हॅरोल्ड जेफ्रीज यांनी 1926 मध्ये तो द्रव असल्याचं ठामपणे मांडलं. इथेही भूकंपाशी संबंध नसलेला दुसरा साक्षीदार आहे. पृथ्वीचं चुंबकत्व जवळजवळ सगळं आतूनच येतं, हे गाउस यांनी 1830 च्या दशकाच्या अखेरीस गणितानं दाखवलं. पण लोखंड 770 अंशांच्या वर कायमचं चुंबक राहूच शकत नाही, आणि गाभा त्याच्या कितीतरी पट तापलेला. मग चुंबकत्व टिकतं कसं? वाहत्या, विजेला वाट देणाऱ्या धातूच्या द्रवामुळे. ते वाहतं म्हणूनच चुंबकसूईची दिशा वर्षागणिक किंचित सरकते, आणि ते सरकणं अलिबागच्या वेधशाळेत शंभराहून अधिक वर्षं टिपलं जात आहे. ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहानं नाजूक नोंदी बिघडणार हे दिसू लागलं, तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली 1904 मध्ये ती अलिबागला नेली. इमारतीत चुंबकीय नसलेला दगड वापरला. नवी यंत्रं जुन्यांशी जुळतात का ते पाहायला 1904 ते 1906 अशी दोन्हीकडे समांतर नोंद चालू ठेवली होती. दोन वर्षं नुसती पडताळणी! न पाहिलेल्या गाभ्याबद्दल बोलणारे लोक कसे काम करतात, हे ज्यांना पाहायचंय त्यांनी तेवढं तरी पाहावं.

गाभा कशाचा, हा प्रश्न मात्र निराळा, आणि इथे आक्षेपकांना थोडी जागा दिलीच पाहिजे. लोखंड आणि थोडं निकेल, हे उत्तर उल्कांतल्या लोखंडावरून, घनतेवरून, लहरींच्या वेगावरून येतं. दोन हिऱ्यांच्या टोकांत लोखंडाचा कण दाबून त्यावर लेसर सोडला तर गाभ्यातली अवस्था प्रयोगशाळेत आणता येते. जपानी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये अंतर्गाभ्याएवढा दाब आणि 5000 अंशांच्या वरचं तापमान गाठलं. पण फ्रान्सिस बर्च यांनी 1952 मध्येच दाखवून दिलं होतं की बाह्यगाभा शुद्ध लोखंडापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी हलका आहे. काहीतरी हलकं त्यात मिसळलंय. गंधक? सिलिकॉन? ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन? भांडण अजून चालू आहे. त्याच निबंधाच्या एका तळटिपेत बर्च यांनी आपल्याच बिरादरीची टोपी उडवली आहे. पृथ्वीच्या पोटाविषयी लिहिताना साध्या शब्दांवरही प्रचंड दाब येतो आणि त्यांचं रूप पालटतं, असं ते म्हणतात: 'निश्चित' लिहिलेलं असेल तर 'संशयास्पद' समजावं, आणि 'शुद्ध लोखंड' म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचं कसलंतरी मिश्रण. चित्रफितवाल्यांच्या सगळ्या टीकेपेक्षा ही तळटीप जास्त बोचरी आहे, आणि ती आतल्या माणसाची आहे. आपल्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या थरांच्या घटकांची सियाल, सायमा, निफे ही त्रिसूत्री घोकून घेतली, त्यात या संशयाचा मागमूस नव्हता.

प्रावरणाचे तुकडे तर हातात येतातच. ज्वालामुखी ते लाव्हासोबत उचलून आणतात. पन्ना आणि आंध्रातल्या वज्रकरूरच्या हिऱ्याच्या खडकांनी दीडशे किलोमीटरांहून खोलचा माल वर आणला आहे. 2014 मध्ये ब्राझीलमधल्या जुईना इथल्या एका मळकट हिऱ्यात रिंगवुडाइटचा केसाच्या जाडीहून बारीक कण सापडला. हे खनिज 520 ते 660 किलोमीटर खोलीवरच टिकतं, असं प्रयोगशाळेत आधीच ठरलेलं होतं. कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी निघालं. आणि मग बातम्या आल्या: पृथ्वीच्या पोटात महासागर! जणू सातशे किलोमीटर खाली लाटा फुटताहेत. तिथे थेंबभर वाहतं पाणी नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्या स्फटिकाच्या रचनेत अडकलेल्या आहेत, तेही खडक ओला न होता. 2023 च्या जानेवारीत तसंच झालं. अंतर्गाभ्याचं प्रावरणाच्या मानानं होणारं फिरणं थांबल्यासारखं दिसतं, असा निबंध आला. फरक वर्षाला अंशाच्या छोट्या हिश्शाचा. मथळे छापले गेले की पृथ्वीचा गाभा उलटा फिरू लागला. अशा मथळ्यांनंतर लोकांचा विश्वास उडाला तर दोष एकट्या लोकांना देता येणार नाही.

पाठ्यपुस्तकातल्या चित्राचाही यात वाटा आहे. प्रावरण त्यात हमखास लालभडक, ज्वाळांसकट रंगवलेलं असतं. तापलेला खडक लाल दिसेल, हे खरं. भट्टीतली वीटही लाल दिसते, म्हणून ती पातळ होत नाही. शिवाय प्रमाणाचा पत्ता नसतो. 12 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर भूकवचाची रेघ पाऊण मिलिमीटरच्या आसपास बसते, कोलाचं भोक पाव मिलिमीटरच्या आत, आणि गोठण्याचं भोक कागदाच्या जाडीच्या निम्मं. छापील चित्रात कवच बोटभर असतं. पुढच्या आवृत्तीत बदल करायचाच झाला तर प्रावरणाच्या वरच्या चारशे किलोमीटरांना ऑलिव्हिन या खनिजाचा हिरवा द्यावा आणि 520 ते 660 च्या पट्ट्याला रिंगवुडाइटचा निळा. त्याखालच्या रंगासाठी चित्रकाराला भूवैज्ञानिकांशी हुज्जत घालावी लागेल, ती घालावी. लाल रंग राखून ठेवावा तो बाह्यगाभ्यापुरता, सव्वाचार सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि बाजूला छापावं की त्यात लोखंडाबरोबर आणखी काय आहे ते अजून ठरलेलं नाही.